काट्यासमोरची रांग

रेल्वे स्टेशनावर पूर्वी वजनाचं यंत्र असे. लाल-पिवळे दिवे, आत फिरणारं रंगीत चक्र, आणि नाणं टाकलं की खट्कन बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट. तिकिटावर वजन असे आणि सोबत भविष्यही. माझी आत्या ते तिकीट हौसेनं काढायची, भविष्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वजनाच्या आकड्यावर अंगठा ठेवायची. गाडी सुटेपर्यंत तिचा अंगठा तिथून हलत नसे. पुढे कधीतरी अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या मंडळांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा अंगठा. कारण जो आकडा बायका सख्ख्या भावजयीलाही सांगत नाहीत, तो दर आठवड्याला दुसऱ्या कुणाला तरी दाखवण्यासाठी लाखो बायका पदरचे पैसे मोजून रांगेत उभ्या राहिल्या, असा तो इतिहास आहे.

माणसाला तराजूत बसवण्याची आपली जुनी रीत अगदी वेगळी होती. रायगडावर १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. मोगल बादशहांचीही वाढदिवसाला तुला होत असे. तिथे पारडं जितकं जड तितकं दान मोठं. जड असणं म्हणजे खायला-प्यायला असणं, ही समजूत आमच्या घरातही परवा-परवापर्यंत होती. लेक माहेरी आली आणि भरलेली दिसली की आजी समाधानानं मान हलवायची.

पाश्चात्त्य देशांत हे पारडं एकोणिसाव्या शतकातच फिरू लागलं होतं. लंडनच्या विल्यम बँटिंग या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकानं १८६३ साली एक लहानसं पत्रक छापलं. ऐकू कमी येतं म्हणून तो ज्या डॉक्टरकडे गेला, त्यानं त्याला ब्रेड, साखर, बटाटा आणि बिअर सोडायला लावली होती. वजन उतरलं, आणि बँटिंगनं आनंदाच्या भरात ते जगाला सांगितलं. पत्रक इतकं गाजलं, की त्याच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. पण बँटिंगचा सगळा मार्ग एकट्याचा होता: एक रोगी, एक डॉक्टर, एक यादी. चारचौघांनी एकत्र बसून वजन कमी करायचं, ही कल्पना यायला आणखी जवळजवळ एक शतक जावं लागलं.

ती प्रथम आकाराला आली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, १९४८ साली. एस्थर मान्झ ही तिथली गृहिणी गरोदरपणात इतर गरोदर बायकांबरोबर मार्गदर्शनाला जात होती. तिथे एकमेकींना मिळणारा धीर तिच्या लक्षात आला. दारू सोडू पाहणाऱ्यांची 'अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना १९३५ पासून चालू होतीच. मान्झनं तोच धडा जेवणाला लावला आणि 'टॉप्स' नावाची मंडळी उभी केली. वर्गणी नाममात्र, नफा नाही, आहार ज्याच्या-त्याच्या डॉक्टरनं सांगावा. मंडळानं फक्त सोबत द्यायची.

पण सोबतीचे प्रकार असतात. टॉप्समध्ये सगळ्यात जास्त वजन उतरवणारीला 'राणी' म्हणून मुकुट घालत. आणि सुरुवातीच्या काळात काही शाखांमधून, वजन वाढवून आलेल्या बाईला डुकराचं चित्र लावून वेगळं बसवत, वर सगळ्या मिळून तिच्यावर गाणं म्हणत. हे खेळीमेळीत चाले, असं सांगतात. असेलही. शाळेत बाकावर उभं करण्याची शिक्षासुद्धा बाकीच्या वर्गाला खेळीमेळीचीच वाटायची. एकाच मंडळात मुकुट आणि डुक्कर शेजारी-शेजारी ठेवलेले होते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे असं वाटतं. चारचौघांचं कौतुक हवं असेल, तर चारचौघांची नजरही झेलावी लागते.

या कथेतली खरी नायिका मात्र न्यूयॉर्कची. जीन नायडिच १९२३ साली ब्रुकलिनमध्ये जन्मली. बाप टॅक्सी चालवायचा, आई दुसऱ्यांची नखं सजवून देण्याचं काम करायची. १९६१ साली ती क्वीन्स भागात नवरा आणि दोन मुलांसह राहत होती आणि तिचं वजन होतं २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो. एक दिवस बाजारात ओळखीची बाई भेटली. "किती छान दिसतेयस!" म्हणाली, आणि पाठोपाठ विचारलं, की बाळ कधी होणार? बाळ काही होणार नव्हतं.

नायडिच शहराच्या आरोग्यखात्याच्या लठ्ठपणा-दवाखान्यात गेली. तिथला आहार डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला. मासे आठवड्यातून पाच वेळा, कलेजी एकदा, दूध साय काढलेलं, ब्रेड मोजून आणि गोड बंद. आहार बरा होता. दहा आठवड्यांत वीस पौंड उतरले. तिला खुपली ती शिकवणारी बाई. ती सडपातळ होती आणि जन्मभर तशीच असावी. तिच्यासमोर खरं बोलणं नायडिचला जमेना. खरं हे होतं, की ती कुणाला न सांगता चॉकलेटची बिस्किटं खात होती. मळक्या कपड्यांच्या टोपलीत पुडा लपवायचा, रात्री सगळे झोपले की न्हाणीघरात जाऊन खायचा. दवाखान्यात मात्र सांगायचं, की सगळं नियमानं चाललंय.

शेवटी तिनं आपल्या सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना ही बिस्किटांची गोष्ट सांगून टाकली. मैत्रिणी हसल्या नाहीत. एकेकीनं आपापली लपवायची जागा सांगितली. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, येताना आणखी कुणाला घेऊन आल्या. दोन महिन्यांत तिच्या दिवाणखान्यात चाळीस बायका बसू लागल्या. ऑक्टोबर १९६२ पर्यंत नायडिच १४२ पौंडांवर, म्हणजे साधारण ६४ किलोंवर आली.

हा दिवाणखाना मला फार महत्त्वाचा वाटतो. आहाराचा कागद दवाखान्यातलाच होता. नवी होती ती ऐकणारी माणसं. ज्या गोष्टीची लाज वाटत होती, ती सांगितल्यावर समोरची बाई "मीसुद्धा" म्हणाली, इतकंच नवं होतं. महायुद्धानंतर शहराबाहेरच्या वसाहतींत राहायला गेलेल्या, दिवसभर घर, मुलं आणि भरलेला फ्रीज यांच्या सोबतीला असलेल्या त्या बायका होत्या. त्यांना वजनाच्या निमित्तानं आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेर काढता आली. भजनी मंडळ, हळदीकुंकू, भिशी यांची ज्यांना सवय आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भिशीत पैसे किती जमले यापेक्षा त्या दुपारी काय-काय बोलून झालं, यालाच अनेकदा जास्त किंमत असते.

अल आणि फेलिस लिपर्ट हे जोडपं या बैठकांमधूनच भेटलं. अल कपड्यांच्या धंद्यातला माणूस. त्याला या गर्दीत व्यवसाय दिसला. मे १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' कंपनी म्हणून नोंदली गेली आणि क्वीन्समधल्या लिटल नेक इथे एका सिनेमागृहाच्या वरच्या जागेत पहिली जाहीर सभा भरली. खुर्च्या मांडल्या होत्या पन्नास, माणसं आली चारशे. शुल्क दोन डॉलर, खालच्या सिनेमाच्या तिकिटाइतकंच.

पुढचा वेग धंद्याचा होता. शाखा वाटल्या गेल्या, १९६८ मध्ये शेअर बाजारात उतरणं झालं, पाककृतींची पुस्तकं आली, १९७३ साली दहावा वाढदिवस मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये साजरा झाला आणि १९७८ साली हाइन्झ या सॉसवाल्या कंपनीनं सुमारे सात कोटी डॉलरना सगळं विकत घेतलं. खायला विकणारा आणि कमी खा म्हणणारा एकाच छताखाली आले, यावर तेव्हाही लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. या पसाऱ्याचा एक लाभ सहसा सांगितला जात नाही. सभा चालवणाऱ्या व्याख्यात्या या स्वतः वजन उतरवलेल्या सभासदच असत. कोणतीही पदवी नसलेल्या हजारो गृहिणींना व्यासपीठावर उभं राहून बोलण्याची, हिशेब ठेवण्याची आणि स्वतःचे पैसे कमावण्याची संधी इथे मिळाली.

आता मंडळात जाऊन वजन खरोखर उतरतं का? यावर चांगले अभ्यास झालेले आहेत. २००३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ४२३ जणांचा दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना थोडा सल्ला देऊन स्वतःचं स्वतः करायला सांगितलं, निम्म्यांना वेट वॉचर्समध्ये पाठवलं. वर्षाअखेरीस मंडळवाल्यांचं सरासरी ४.३ किलो उतरलं होतं, एकट्यांचं १.३. दोन वर्षांनी हेच आकडे २.९ आणि ०.२ असे झाले. २०११ मध्ये 'लॅन्सेट'नं ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ७७२ जणांवरचा प्रयोग छापला. तिथेही मंडळात गेलेल्यांचं वजन नेहमीच्या डॉक्टरी सल्ल्यावर राहिलेल्यांच्या दुपटीनं उतरलं, वर्षात सुमारे पाच किलो. दोन्ही प्रयोगांना पैसा कंपनीनंच दिला होता आणि सभासदांना प्रवेश फुकट होता, हे विसरून चालणार नाही. तरी एकट्यापेक्षा मंडळ बरं हा निष्कर्ष पुढेही टिकलेला आहे.

हे आकडे वाचताना मी दोनदा थांबलो. पहिल्यांदा, फरक खरा आहे म्हणून: पाच किलोंनी रक्तदाब आणि साखर दोन्हीवर चांगला परिणाम होतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. दुसऱ्यांदा, फरक किती लहान आहे म्हणून. नायडिचनं बत्तीस-तेहतीस किलो उतरवले आणि म्हातारपणापर्यंत ते परत येऊ दिले नाहीत. जाहिरातीत ती होती. प्रयोगातल्या सरासरी माणसाच्या वाट्याला दोन वर्षांनी तीन किलो आले. या दोहोंमधली दरी ज्या बाईला कुणी समजावून सांगितली नाही, ती त्या दरीला स्वतःची आळशी वृत्ती असं नाव देते.

आणि इथेच मंडळांचा मोठा दोष सुरू होतो. शरीर उतरलेलं वजन परत मिळवण्यासाठी झगडतं. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्यानं बारीक झालेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे वजन परत येणं हा बहुतेकांच्या बाबतीत देहधर्मच. पण मंडळाच्या भाषेत त्याला 'घसरणं' म्हणतात. वेट वॉचर्सच्या सुरुवातीच्या काळात पदार्थसुद्धा 'कायदेशीर' आणि 'बेकायदेशीर' असत. केळं किंवा बटाटा खाणाऱ्या बाईला गुन्हेगार वाटायला लावणारी भाषा एकदा जिभेवर बसली, की मंडळ सुटलं तरी ती सुटत नाही. लहान वयात ही भाषा शिकलेल्या कितीतरी मुलींच्या पुढच्या आयुष्यात जेवण म्हणजे रोजची परीक्षा झाली. २०१९ साली कंपनीनं आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी अॅप काढलं आणि त्यावर गदारोळ झाला. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २०२२ मध्ये पंधरा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

कंपनीच्या नियमांतला एक नियम मला सगळ्यात बोलका वाटतो. ठरवलेलं वजन गाठून ते काही आठवडे टिकवलं, की तुम्ही 'आजीव सभासद'. मग सभा फुकट. मात्र ठरलेल्या आकड्याच्या दोन पौंड वर गेलात की पुन्हा शुल्क सुरू होत असे. वरवर पाहता ही शाबासकी आहे, आणि कित्येकांना तिनं खरोखर मदत केली. पण हिशेब मांडून बघा: जी यशस्वी झाली तिच्याकडून कंपनीला काहीच मिळत नाही, मिळतं ते परत आलेलीकडून. यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. व्याख्यात्या मनापासून काम करत. पण ज्या दुकानाचं चांगलं गिऱ्हाईक म्हणजे पुन्हा-पुन्हा हरणारं गिऱ्हाईक, त्या दुकानानं हरण्याची कारणं खोलात जाऊन शोधावीत, ही अपेक्षा भाबडी आहे.

याला पर्याय त्याच काळात निघाले होते. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला 'ओव्हरईटर्स अॅनॉनिमस' सुरू झालं. तिथे शुल्क नाही आणि काटाही नाही; बोलायचं ते खाण्याच्या ओढीबद्दल. १९६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही शे जाड माणसं एकत्र आली, त्यांनी पथ्याची पुस्तकं आणि ट्विगी या काटकुळ्या मॉडेलचा फोटो जाळला आणि मजेत आइसक्रीम खाल्लं. दोन वर्षांनी जाड माणसांच्या हक्कांसाठी तिथे संघटना उभी राहिली. लंडनमध्ये सूझी ऑरबाख बायकांच्या गटांमध्ये काम करत होती. बायका का खातात, जाड असण्यातून त्यांना कोणता आडोसा मिळतो, हा प्रश्न तिनं १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडला. गंमत अशी, की यांतला प्रत्येक जण मंडळच स्थापन करत होता. वजन उतरवायचं असो की उतरवायचं नाही म्हणून सांगायचं असो, एकट्यानं ते कुणालाच जमत नव्हतं.

मराठी वाचकाला आपल्याकडचं उदाहरण आठवलंच असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवणाची मोहीम सुरू केली: दिवसातून दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहाराबद्दल तज्ज्ञांत वाद झाले, अजूनही आहेत; मी त्यात पडत नाही. पण तिचा प्रसार झाला तो व्हॉट्सअॅपच्या फुकट गटांमधून. महाराष्ट्राबाहेरची आणि परदेशातली मराठी माणसंही त्यांत होती. आमच्या इंदुरातल्या एका गटात लोक सैल झालेल्या पँटचे फोटो टाकत आणि खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग लागे. जे महिनाभर काहीच टाकत नसत, त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांचं काय झालं ते कुठल्याच सरासरीत आलं नाही. मुकुट होता, डुक्कर नव्हतं. पण ज्याला मुकुट मिळत नव्हता, तो मुकाट्यानं गटातून बाहेर पडत होता.

नायडिच २०१५ साली फ्लोरिडात वारली, ९१ व्या वर्षी. त्याच वर्षी ओप्रा विन्फ्रीनं कंपनीचा दहा टक्के हिस्सा घेतला. पुढे नावातून 'वजन' हा शब्दच गेला. करोनात सभा बंद पडल्या. मग भूक मंदावणारी इंजेक्शनं आली, आणि ज्या कंपनीनं साठ वर्षं निश्चयाचे धडे दिले होते, तिनं २०२३ मध्ये तीच औषधं लिहून देणारी ऑनलाइन सेवा विकत घेतली. विन्फ्रीनं आपण औषध घेतो असं जाहीर केलं आणि संचालकपद सोडलं. मे २०२५ मध्ये कंपनी कर्जातून सुटण्यासाठी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. भारतातही ही इंजेक्शनं त्याच वर्षी दुकानांत आली. टॉप्सच्या साप्ताहिक बैठका मात्र अजून भरतात. तिथे कुणाला भागधारकांना उत्तर द्यायचं नसतं.

आमच्या घराजवळच्या बागेत सकाळी नऊ-दहा बायका फिरायला येतात. निम्म्या मराठी, बाकीच्या माळवी आणि एक सिंधी. चार फेऱ्या झाल्या की कोपऱ्यावर पोहे, रविवारी जिलबीसुद्धा. माझी बायको त्यांच्यात तीन वर्षं जाते आहे. वजन कुणाचंच फारसं हललेलं नाही. एकीची साखर आटोक्यात आली, आणि एकीचे यजमान गेले तेव्हा बाकीच्या तिला पंधराव्या दिवशी हाताला धरून बागेत घेऊन आल्या. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी उत्साहानं घरचा काटा पिशवीतून आणला आणि वहीत नावं लिहिली. दुसऱ्या आठवड्याला दोघी आल्या नाहीत, तिसऱ्याला चौघी. काटा आता वहीसकट आमच्या कपाटावर आहे, आणि फेऱ्या पुन्हा नऊ-दहाजणींच्या झाल्या आहेत.